गाडी बंद पडली की थांबतं कोण?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. काटोलजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताई नागपूरहून रोज वडिलांच्या १२५ सीसी मोटारसायकलवर जातात-येतात. मागच्या आठवड्यात परतताना, कळमेश्वर मागे पडल्यावर, त्यांच्या गाडीची क्लच वायर तुटली. दुपारचे तीन, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. एक दूधवाला थांबला. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकलेले असताना त्याने पाय लावून ताईंची गाडी फेटरीच्या दुकानापर्यंत ढकलत आणली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला नाही, नावही सांगितलं नाही. घरी हे सांगितल्यावर भाऊ रागावला, "कोणावर भरवसा ठेवून राहिली तू?" म्हणून ताई विचारतात: रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या मदतीवर किती विसंबावं, आणि ती घ्यावी कशी?

ताई, माझं गॅरेज गिट्टीखदानला आहे, म्हणजे तुमच्याच रस्त्याच्या तोंडाशी. कित्येक वर्षं काटोल रोडवर बंद पडलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, कधी टेम्पोत, कधी ढकलत, कधी कोणाच्या तरी पायावर. उत्तर सरळ देतो. मदत मिळते. आजही मिळते. तुमचा भाऊही चुकीचा नाही, पण त्याने भीती चुकीच्या ठिकाणी ठेवली आहे. धोका माणसापेक्षा जास्त करून पान्यात असतो. त्यावर पुढे येतोच.

माझ्या गॅरेजात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. लोकांनी रस्त्यात केलेली दुरुस्ती मी गाडीतून काढतो तेव्हा ती त्यात टाकतो. क्लच लीव्हरला गाठ मारलेली सुतळी. अ‍ॅक्सिलेटर वायरच्या जागी लावलेली सलवारची नाडी, तिच्या टोकाला एक बटण, म्हणजे बोटाला पकड मिळते. पेट्रोलच्या पाइपाच्या दोन तुकड्यांमध्ये बसवलेली बॉलपेनची रिकामी नळी. टाकीच्या बारीक भोकावर दाबलेला कपड्याच्या साबणाचा तुकडा, तो पेट्रोलमध्ये चटकन विरघळत नाही म्हणून घरापर्यंत पोचवतो. एकदा एका टायरमधून मी ओंजळी-ओंजळीने वाळलेलं गवत काढलं. ट्यूब फाटली होती आणि जवळ काहीच नव्हतं, म्हणून कोणा शेतकऱ्याने टायरमध्ये कडबा आणि गवत ठासून पोराला गावापर्यंत पाठवलं होतं. टायरचं वाटोळं झालं, पोरगा मात्र घरी पोचला.

या डब्यातली एकही वस्तू मेकॅनिकची नाही. त्यामुळे थांबणाऱ्याला दुरुस्ती येते असं समजू नका. बहुतेक वेळा येत नाही. त्याच्याकडे तार असतो, पाणी असतं, गावाची माहिती असते आणि दहा मिनिटं असतात. "बाबूच्या टपरीमागे एक पोट्टा पंक्चर काढते, पण पाचनंतर भेटत नाही," ही माहिती कुठल्याच नकाशात सापडत नाही.

थांबतं कोण? माझं निरीक्षण असं की जो हळू चालतो तो थांबतो. दूधवाला, भाजीवाला, ट्रॅक्टरवाला, सायकलवाला, म्हशी घेऊन निघालेला माणूस. कारवाले फारसे थांबत नाहीत, पण त्यांना मी वाईट म्हणत नाही. ताशी ऐंशीच्या वेगात तुम्ही दिसेपर्यंत तो पुढे गेलेला असतो, आणि मागून ट्रक असताना ब्रेक मारणं शहाणपणाचंही नाही. म्हणून वर्धा रोड किंवा अमरावती रोडसारख्या चौपदरीवर मदत उशिरा येते, आणि काटोल, उमरेड, सावनेरकडच्या आतल्या रस्त्यांवर लवकर. (समृद्धीवर हा प्रश्नच येत नाही, तिथे दुचाकीला बंदी आहे.) ट्रकवाल्यांबद्दल लोक काहीबाही बोलतात. माझा अनुभव उलटा आहे. ढाब्यावर उभ्या ट्रककडे गेलं तर जाड तार, पक्कड आणि पाण्याचा कॅन या तीन गोष्टी नक्की मिळतात. वर "चाय पियो" हेही.

म्हणून इंजिन अडखळलं की पहिलं काम म्हणजे क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी धावू द्या. आहे तेवढ्या वेगात ती शंभर-दोनशे मीटर सहज जाते. ते मीटर वाया घालवू नका, झाड, टपरी, ढाबा किंवा बसथांबा पाहून तिथे न्या. पुष्कळ लोक जिथे बंद पडली तिथेच घाबरून ब्रेक मारतात, आणि मग नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात डोक्यावर काही नसताना किक मारत बसतात. अर्ध्या तासात चक्कर येते. गाडी दुरुस्त होईल, तुम्हाला लू लागली तर सलाइन लावावं लागेल.

मग गाडी डांबराच्या खाली घ्या, स्टँडवर लावा आणि सीट उघडून ठेवा. हे फार कामाचं आहे. नुसत्या उभ्या गाडीपाशी नुसतं उभं राहिलेलं माणूस फोनवर बोलायला थांबलंय असं वाटतं. उघडी सीट आणि हातात पाना दिसला की पाहणाऱ्याला सगळं कळतं. आमच्याकडे उन्हात मुली डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीने बांधतात. ती ओढणी सोडा. अडचण आहे हे चेहऱ्यावरून कळतं, ओढणीवरून नाही.

आणि विचारताना "भाऊ, मदत करा ना" असं नका म्हणू. त्याने माणूस बिचकतो, किती वेळ जाईल, कशात अडकेन, त्याला कळत नाही. काम मोजून मागा. "दादा, क्लच वायर तुटली, फेटरीपर्यंत पाय लावून द्याल का?" किंवा "प्लगचा पाना आहे का?" किंवा "जवळ पंक्चरवाला कुठे?" एवढं ठरलेलं काम असलं की माणूस पटकन हो किंवा नाही म्हणतो, आणि बहुतेक वेळा हो म्हणतो. तुमच्या दूधवाल्याच्या मागे तर घड्याळ लागलं होतं. उन्हाळ्यातलं दूध, उशीर झाला की नासतं. तरी त्याने तुम्हाला नेलं, कारण काम कुठे संपणार हे त्याला ठाऊक होतं.

आता पाय लावून ढकलण्याबद्दल. आपल्याकडे हा प्रकार सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण मागे बसून पाहणं वेगळं आणि पुढची गाडी धरणं वेगळं. मागचा माणूस आपला पाय तुमच्या गाडीच्या मागच्या फूटरेस्टवर ठेवतो आणि हळूहळू गॅस देतो. सायलेन्सरवर पाय ठेवू द्यायचा नाही, तो तापलेला असतो आणि पाय सटकतो. गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली ऑन म्हणजे इंडिकेटर आणि ब्रेकलाइट चालतात. तुमचं काम फक्त हँडल सरळ ठेवणं. सुरुवातीला धक्का एका बाजूने लागतो, त्यामुळे हँडल ओढल्यासारखं वाटतं. लोक तिथे घाबरून ब्रेक दाबतात आणि मागचा तुमच्या अंगावर येतो. ब्रेक लावायचाच असेल तर आधी हात खाली-वर करून दाखवा, म्हणजे तो पाय काढतो. वेग सायकलीएवढाच. पोलिसांना हे आवडत नाही, आणि हायवेवर मी तुम्हाला करू देणार नाही. गावातल्या रस्त्यावर, दिवसा, चार-पाच किलोमीटर, एवढंच. आणि दोरी बांधून टोचन अजिबात नको. मोटारसायकलला दोरीने ओढणं म्हणजे हँडलला बैल जुंपणं.

क्लच वायर तुटली असताना तुम्ही स्वतःसुद्धा गाडी चालवू शकता, फक्त रहदारीत नको. न्यूट्रलमध्ये चालू करा, पायांनी ढकलत चालण्यापेक्षा थोडा जास्त वेग आणा आणि पहिला गिअर टाका. एक दणका बसतो, मग गाडी निघते. पुढचे गिअर टाकताना अ‍ॅक्सिलेटर क्षणभर सोडायचा आणि त्याच क्षणी गिअर वर ढकलायचा. जातो, आवाज न करता जातो. थांबायचं असेल तर आधीच न्यूट्रल शोधा. अ‍ॅक्सिलेटर वायर तुटली तर त्याहून सोपं आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत आयडलचा स्क्रू पिळून इंजिनचा वेग वाढवा, आणि क्लच-गिअरवर गाडी गावापर्यंत आणा. मात्र १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे हा स्क्रू बहुधा हाती लागत नाही. त्या गाड्यांची आणखी एक खोड लक्षात ठेवा: बॅटरी पूर्ण मेली की पेट्रोलचा पंपच चालत नाही, मग दहा जणांनी ढकललं तरी सुरू होत नाही. उगाच लोकांना घाम गाळायला लावू नका, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडणारा शोधा.

इथे माझीच फजिती सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल याला सगळं येतं. चार-पाच वर्षांपूर्वी मी रामटेकहून येत होतो. मनसरजवळ एकाची बंद गाडी दिसली म्हणून ऐटीत थांबलो. "मी मेकॅनिकच आहे." प्लग काढला, पाहिला. फ्यूज पाहिले. बॅटरीची टोकं घासली. पाऊण तास गेला. बाजूला बोरं विकत बसलेली एक बारा वर्षांची पोरगी उठून आली आणि म्हणाली, "काका, ते लाल बटन बंद आहे ना." किल स्विच. त्या माणसाच्या जॅकेटची बाही लागून तो बंद झाला होता, आणि मी पहिल्यांदा तोच पाहायला हवा होता. म्हणून तुम्हाला सांगतो, कोणाला हाक मारायच्या आधी किल स्विच, साइड स्टँड (नवीन गाड्यांत तो खाली असला की इंजिन चालत नाही) आणि पेट्रोल, एवढं स्वतः बघा.

आता धोका पान्यात असतो म्हणालो, त्याचा अर्थ. थांबलेल्या माणसाला काहीतरी करून दाखवायचं असतं. तो पहिल्यांदा प्लगकडे जातो. प्लग तापलेला, तो जिथे बसतो तो इंजिनचा हेड अ‍ॅल्युमिनियमचा. परत बसवताना तिरका बसला आणि जोर लावला की हेडचे आटे गेले. असे आटे गेलेले हेड माझ्याकडे वर्षाला पाच-सहा येतात, आणि प्रत्येक वेळी गाडीवाला म्हणतो, "एक भला माणूस थांबला होता." होता भलाच. मूळचा बिघाड मात्र चाळीस रुपयांच्या फ्यूजचा होता. तेव्हा प्लग काढायचा झाला तर इंजिन हाताला सोसेल इतकं थंड होऊ द्या, आणि बसवताना पहिले दोन-तीन फेरे पाना न लावता बोटांनी घ्या. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका आहे, काढून पुन्हा लावा. दुसरं, तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू देऊ नका. तिसरं, गावातलं बाटलीतलं पेट्रोल. अडलं तर घ्या, पण एक लिटरच, पंपापर्यंत पोचण्यापुरतं. त्यात काय मिसळलंय कोणाला माहीत.

आणि किल्ली. कोणी कितीही मदत करो, "चालवून पाहतो" म्हणाला तर किल्ली द्यायची नाही. हसून म्हणायचं, "दादा, मीच मारते एक चक्कर." तुमच्या भावाच्या समाधानासाठी आणखी एक युक्ती, माझ्या मुलीलाही हीच शिकवली आहे. कोणी थांबलं की घरी फोन लावायचा आणि त्याच्यासमोरच मोकळेपणाने सांगायचं: "कळमेश्वरच्या पुढे आहे, हे दूधवाले दादा थांबले, यांची गाडी इतक्या नंबरची, फेटरीपर्यंत सोडून देत आहेत." चांगल्या माणसाला यात अपमान वाटत नाही, उलट आपली नोंद झाली याचं बरंच वाटतं. ज्याच्या मनात दुसरं काही आहे तो निघून जातो. अंधार पडला असेल, मन साशंक असेल, तर ११२ लावायला लाजू नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. मनसर ते खवासा या पेंचच्या पट्ट्यात प्राणी जावेत म्हणून रस्ता खांबांवर उचलून खालून वाट ठेवली आहे, म्हणजे प्राणी आहेतच. तिथे सांजवेळी गाडी बंद पडली तर सावलीसाठीही झाडीत शिरायचं नाही, गाडीपाशीच थांबायचं.

भीती थांबणाऱ्यालाही असते, विशेषतः अपघातात. रस्त्यात पडलेल्याला उचललं की पोलीस, दवाखाना, कोर्ट मागे लागतं, ही जुनी भीती. ती बिनबुडाची नव्हती. पण सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही नाही. हे भावाला सांगा. तो उद्या कोणासाठी तरी थांबेल तेव्हा कामी येईल.

डब्यातली सगळ्यात जुनी वस्तू मात्र माझ्यासाठी बनवलेली आहे. १९९९ साल, दिवाळीच्या आधीचे दिवस. मी तेव्हा उस्तादाकडे काम शिकत होतो. अमरावतीहून येताना कोंढाळीजवळ अंधार पडता पडता चेन घरंगळली. उतरून पाहतो तर चेनलॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप गेलेली. ती क्लिप माशाच्या आकाराची असते, तिचं बंद तोंड चेन जाते त्या दिशेला ठेवायचं आणि फाटलेलं तोंड मागे. मी दोन दिवसांपूर्वी ती स्वतःच्या हाताने उलटी बसवली होती. रस्त्याकडेला आंबिया बहाराची संत्री भरणं चालू होतं. लाकडी खोकी, तणस, आणि दिवटीसारखा लटकवलेला एक बल्ब. तिथली पाच-सहा माणसं टॉर्च घेऊन आली आणि खाली वाकून रस्त्यावर क्लिप शोधायला लागली. ट्रक आला की बाजूला, गेला की पुन्हा वाकून. क्लिप नाही सापडली. लॉकची पट्टी मात्र एकाला सापडली, चपलेखाली टोचली म्हणून. मग एका म्हाताऱ्याने भरलेल्या खोक्याला आवळलेला तार सोडला, हो, भरलेल्या खोक्याचा, आणि ते खोकं सुतळीने बांधलं. पट्टी बसवली, पिनांच्या खाचेतून तार दोन वेढे घेऊन पिळला, टोकं बाहेरच्या बाजूला वाकवली म्हणजे चेनकव्हरला घासू नयेत. त्याने याआधी कधी चेनलॉक पाहिला नव्हता, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. तार कसा पिळायचा हे मात्र त्याला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. "तीसच्या वर नको पळवजो," एवढं म्हणाला. पन्नासेक किलोमीटर मी तीसने आलो. उस्तादाने तार पाहिला, क्लिप कशी बसवली होती ते विचारलं, आणि मग जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पैसे मीही देऊ पाहिले होते. म्हाताऱ्याने हात मागे घेतला आणि माझ्या पिशवीत चार संत्री टाकली. तेव्हा तुमच्या दूधवाल्याने पैसे घेतले नाहीत याचं फार ओझं घेऊ नका. पंक्चरवाल्याला, टेम्पोवाल्याला, ज्याचं ते पोट आहे त्याला पूर्ण पैसे द्या, घासाघीस न करता. वाटसरूला दुसऱ्यांदा आग्रह करू नका, तो ओशाळतो. पुन्हा त्या रस्त्याने दिसला तर हॉर्न वाजवून हात करा.

मदत हलकी व्हावी असं वाटत असेल तर सीटखाली थोडं सामान ठेवा. प्लग आणि त्याचा पाना, दोन फ्यूज, हातभर बांधणीचा तार, छोटी पक्कड. टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चरच्या वातीचा संच आणि पायाने मारायचा पंप, ट्यूबचा असेल तर एक ट्यूब, कारण पंक्चरवाल्याकडे तुमच्या मापाची नसते. बिचारा थांबलेला माणूस हात देऊ शकतो, सुटे भाग नाही.

आणि क्लच वायरचं. नवी बसवली आहे ना? तरी एक जास्तीची वायर आणा, शंभर-दीडशे रुपयांत येते. बसवलेल्या वायरच्या शेजारून तिच्याच वाटेने ती हँडलपासून इंजिनपर्यंत ओढून टेपने बांधून टाका, फक्त दोन्ही टोकं मोकळी ठेवा. तुटली की पाच मिनिटांत टोकं बदलायची, बाकी काही सोडायचं नाही. तुटलेली वायर फेकली नसेल तर तिचं लीव्हरकडचं टोक उन्हात धरून बघा. बारीक तारांपैकी काहींची टोकं काळी, गंजलेली दिसतील, काहींची चकचकीत. काळी ती कधीच तुटली होती, एकेक करून, त्या दिवशी फक्त चकचकीत गेल्या. क्लच जड लागत होता का पंधरा-वीस दिवसांपासून? लीव्हरच्या भोकातली घुंडी सुकली की ती फिरत नाही आणि तार तिथेच वाकून वाकून तुटतो. महिन्यातून एकदा तिथे तेलाचा एक थेंब सोडा. शनिवारी शाळा लवकर सुटते ना, येताना गॅरेजकडे वळा, दुसरी वायर मी ओढून देतो.